नावाड्याच्या लेकीचा पहिला धडा

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाचे पंतोजीसुद्धा नुकतेच शहाणे झाले होते.

एका नदीच्या काठी एक नावाडी राहत होता. त्याची एकुलती एक लेक सारजा. जिभेला हाड नाही अशी बडबडी, आणि बापाची लाडकी.

नदीच्या अलीकडे होती गावशाळा. तिला भिंती नव्हत्या, फी नव्हती. चिंचेखाली जो बसेल तो विद्यार्थी. पंतोजी पाढा सांगायला घ्यायचे आणि सातापर्यंत पोचता पोचता घोरायला लागायचे. उरलेला पाढा पोरं आपापल्या मगदुराप्रमाणे पुरा करायची.

नदीपलीकडे होती हवेलीशाळा. उंच भिंत, नक्षीचा दरवाजा, सोळाच मुलं. तिथे ग्रहताऱ्यांचं गणितसुद्धा शिकवत. पण प्रवेश फक्त मोठ्या घरच्या लेकरांना.

या सोळा जणांना नावाडी रोज पलीकडे सोडायचा. सोडता सोडता एक दिवस त्याच्या डोक्यात किडा वळवळला. माझी सारजा यांच्यात बसली तर?

तो शाळा बघून आला आणि बायकोला सांगत सुटला, "काय तो दरवाजा! काय ती भिंत!"

बायको म्हणाली, "शाळा बघायला गेलात आणि भिंत बघून आलात होय?"

पण नावाडी ऐकतो कसला! त्याने दोन होड्यांतली एक विकून फीची सोय केली. मग तीन दिवस लेकीला समोर बसवून एकच गोष्ट घोकून घेतली.

"तू कोणाची?"

"पेठेतल्या कापडवाल्या सावकाराची."

"आणि मी कोण?"

"तुम्ही नावाडी."

"शाब्बास!" म्हणून त्याने तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. बायकोने तोंड फिरवलं. आता हसावं की रडावं, ते तुम्हीच ठरवा.

सारजाला प्रवेश मिळाला. पोरगी मुळात हुशार. महिन्याभरात ग्रहांची नावं सांगू लागली. ती मोठ्या घरची नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण नावाड्याच्या खोपटाकडे बघतो कोण?

होडीत मात्र ती दुसऱ्या टोकाला, मुलांच्यात बसायची. बापाशी एक शब्द बोलायची नाही. बाप वल्हं मारता मारता तिच्या वेणीकडे बघायचा आणि मनातल्या मनात फुगायचा.

एकदा वारा सुटला. होडी कलली आणि पाणी उसळून एका मुलाच्या रेशमी अंगरख्यावर पडलं.

"ए नावाडी! डोळे आहेत की कवड्या?" तो मुलगा खेकसला. मग काय, सगळेच ओरडायला लागले.

त्या आरड्याओरड्यात एक ओळखीचा, बारीक आवाज आला. "ए नावाडी, नीट वल्हव."

नावाडी हसला. सगळे हसले, म्हणून तोही हसला. पण पुढची वल्ही पाण्यात पडली की हवेत, त्याचं त्यालाच कळलं नाही.

संध्याकाळी जेवताना त्याने हळूच विचारलं, "सारजा, आज असं का गं म्हणालीस?"

पोर घाबरली. "चुकलं का बाबा? सगळे ओरडत होते. मी एकटीच गप्प बसले असते तर ओळखलं असतं ना त्यांनी! तुम्हीच तर पाठ करून घेतलंत."

"हो गं. मीच."

"तसं सगळं जमतं मला. फक्त उतरताना 'येते बाबा' असं अगदी ओठांवर येतं. ते गिळावं लागतं. अजून नीट गिळता येत नाही. पण येईल."

नावाड्याने ताट बाजूला सारलं. बायकोनेही. बोलण्यासारखं लेक बोलून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तो लेकीचं बोट धरून हवेलीशाळेच्या गुरुजींसमोर उभा राहिला. "गुरुजी, ही माझी मुलगी. सावकाराची नाही. खोटं मी बोललो, तिचा दोष नाही."

गुरुजी म्हणाले, "मुलगी सोन्यासारखी आहे रे. पण नियम..." त्यांचे डोळे पाणावले म्हणतात. पण नियम काही त्या पाण्यात विरघळला नाही.

"नियम तुम्ही ठेवून घ्या, गुरुजी. लेक मी नेतो."

परतताना होडीत दोघंच होते. सारजा पाण्याकडे बघत बसली होती. शेवटी नावाड्यानेच विचारलं, "रागावलीस? एवढी चांगली शाळा सुटली तुझी."

"शाळा आवडायची मला," सारजा म्हणाली. मग थोडी सरकून त्याच्याजवळ आली. "बाबा, आता मोठ्यानं हाक मारली तर चालेल?"

"मार की."

तिने "बाबाऽऽ!" म्हणून अशी हाक ठोकली, की दोन्ही काठांवरचे बगळे उडाले. महिन्याभराचं गिळलेलं एकदम बाहेर आलं होतं. नावाड्याने वल्हं सोडून डोळे पुसले, आणि होडी बिचारी स्वतःभोवती गिरकी घेत राहिली.

सारजा चिंचेखाली बसू लागली. हवेलीत होतं ते सगळं तिथे नव्हतं, खोटं कशाला सांगा! पण तिने पंतोजींना प्रश्न विचारून विचारून असं भंडावलं, की त्यांची झोप कायमची उडाली आणि पाढे सातापुढेही जाऊ लागले. आणि कोणी विचारलं, की ती सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "मी नावाड्याची!"

तात्पर्य: लेकरू कोणत्या शाळेत जातं ते मागाहून बघा, आपण त्याला घरून कोणता धडा देऊन पाठवतो, ते आधी बघा.