उवेला हवं गार डोस्कं

शेवट काय होणार, सांगा बरं. न्हाई येणार. हे वाचून दावतोय ना, त्या तुमच्या बाला बी न्हाई येणार. लावा पैज.

एक होती ऊ. तिळापेक्षा बारीक. सगुणीच्या डोस्क्यात राहायची. केसांच्या सावलीला, गार गार जागी, पाय पसरून लोळायची.

एक दिवस सगुणी लपाछपी खेळत होती. राज्य होतं रखमीवर. सगुणी पळाली आन् वाळत घातलेल्या गोधड्यांखाली घुसली.

वर ऊन. आत सगुणी. झाली की भट्टी.

सगुणीचं डोस्कं तापलं. उवेची गार जागा गेली. पाठ भाजली. चर्र.

निघाली ऊ. तुरु तुरु तुरु. आली कपाळावर.

"कातडीबाई, कातडीबाई, घाम सोड. माझं डोस्कं गार होईना."

कातडी म्हणाली, "सोडते की. पर घामाला पाणी नको व्हय? रगाताला सांग."

निघाली ऊ. तुरु तुरु तुरु. आली मनगटावर. आत रगात पळत होतं. धुक धुक धुक.

"रगातदादा, रगातदादा, पाणी दे.
कातडी घाम सोडंना,
माझं डोस्कं गार होईना."

रगात पळता पळता म्हणालं, "मीच घट्ट झालोय, बये. पोटाला सांग."

निघाली ऊ. तुरु तुरु तुरु. बेंबीत तोंड घालून वरडली.

"पोटमामा, पोटमामा, पाणी धाड.
रगात पाणी देईना,
कातडी घाम सोडंना,
माझं डोस्कं गार होईना."

पोट म्हणालं, "गुर्र. सकाळची भाकर हाय, ती देऊ? पाणी न्हाई. तोंडाला सांग."

निघाली ऊ. तुरु तुरु तुरु. बसली ओठावर.

"तोंडकाकी, तोंडकाकी, पाणी पी.
पोट पाणी धाडंना,
रगात पाणी देईना,
कातडी घाम सोडंना,
माझं डोस्कं गार होईना."

तोंडकाकी कुजबुजली, "शूऽऽ. पाणी मागितलं तर रखमीला आईकू जाईल. मेंदूला सांग."

निघाली ऊ. तुरु तुरु तुरु. मेंदू कुटं? डोस्क्यात. म्हंजी जिथनं निघाली तिथंच आली की. वरनं वाजवलं, टक टक टक.

"मेंदूआजा, मेंदूआजा, सगुणीला उठव.
तोंड पाणी पिईना,
पोट पाणी धाडंना,
रगात पाणी देईना,
कातडी घाम सोडंना,
माझं डोस्कं गार होईना."

मेंदूआजा म्हणाला, "मघाधरनं वरडतोय गं, तहान, तहान. पोरगी आईकंल तर ना. तिला डाव जिंकायचाय. मला तर गरगरतंय."

"मंग मी काय करू?"

"दात हायत ना तुला?"

"हायत की."

चावली ऊ. कचकन.

सगुणीचा हात गेला डोस्क्यात. खाजव खाजव खाजव. गोधडी हलली. डुगु डुगु डुगु.

रखमी म्हणाली, "अगं बया, गोधडी नाचतीया. सगुणे, नीघ भाईर. राज्य तुझ्यावर."

सगुणी भाईर आली. लालभडक, टमाट्यावानी.

"देते राज्य. आधी पाणी पिऊ दे."

पळाली माठाकडं. गट गट गट.

तोंड पाणी प्यालं.
पोटानं पाणी धाडलं.
रगातानं पाणी दिलं.
कातडीनं घाम सोडला. टिप टिप टिप.
वारा आला. फूऽऽ.
आन् डोस्कं झालं गार.

ऊ केसांच्या सावलीला गेली. पाय पसरले. लागली घोरायला. खुर्र खुर्र.

सगुणीचा हात मातर थांबंना. चावलं होतं ना. खाजव खाजव खाजव.

ओसरीवर आय बसली होती. "काय गं, मघाधरनं काय खाजवतीयास?"

"काय न्हाई, आय."

"काय न्हाई व्हय? बस हितं."

आयनं फणी काढली. सर्र सर्र सर्र.

ऊ आली फणीत. तरी घोरतीच हाय.

आयनं तिला एका नखावर घेतलं. वर दुसरं नख ठेवलं.

टच्च.