राजाच्या दाईचे डोळे

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार फार जुन्या काळची आहे.

एका राजाने राजधानीत मोठा दवाखाना बांधला. नामांकित वैद्य नेमले, औषधं फुकट ठेवली. तरी डोंगरातल्या गावांतलं कुणी तिथं दिसेना. राजा खूश होऊन म्हणाला, "बघा, डोंगरात कुणी आजारीच पडत नाही!"

त्याच डोंगरात त्याची म्हातारी दाई राहायची. लहानपणी तो तापाने फणफणला की ती त्याला खांद्यावर टाकून अंगणभर फिरायची, ओव्या गुणगुणायची. एकदा राजाला तिची फार आठवण आली. तो तडक तिच्या झोपडीकडे निघाला.

दाई शेळीला पाला घालत होती. पाला मात्र भलतीकडेच पडत होता.

"दाई, मी आलोय."

तिने आवाज ओळखला. चाचपडत त्याचा चेहरा कुरवाळला. "केवढा मोठा झालास रे!"

"दाई, तुझ्या डोळ्यांना काय झालं?"

"डोळे आले होते. चिकटून बसायचे, ठणकायचे. तशीच चालत तुझ्या दवाखान्यात गेले. दारवान म्हणाला, कुणाची ओळख आहे का? कशीबशी आत गेले, तर वैद्यांचं बोलणं मला कळेना, माझं त्यांना. पुन्हा या म्हणाले. शेळ्या कुणाच्या भरवशावर सोडून पुन्हा जाऊ?"

"अगं, माझं नाव का नाही सांगितलंस?"

"मी तुझं सांगितलं असतं, बाळा. माझ्या शेजारी ताटकळलेल्या बायांनी कुणाचं सांगायचं होतं?"

 राजा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला.

त्याच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या वेळी वैद्य आमच्या बाजारात यायचा. चिंचेखाली बसायचा. नाडी बघता बघता गुरावासरांचीही चौकशी करायचा. निम्मं दुखणं तिथंच पळायचं. गेले ते दिवस."

राजाने दवाखान्याचं दार सर्वांना मोकळं केलं. डोंगरची बोली जाणणारे वैद्य गावोगावच्या बाजारांत धाडले. पुष्कळ लेकरांचे डोळे वाचले.

दाईची दृष्टी मात्र गेली ती गेलीच. राजा अधूनमधून तिच्याकडे जायचा, आणि डोंगरात कुठे काय फुललंय ते तिला सांगत बसायचा.

तात्पर्य: आजाऱ्यापर्यंत न पोहोचणारं औषध कितीही गुणकारी असलं, तरी ते नसल्यातच जमा.