सुरंगवाडीची काळी मूठ

सुरंगवाडीत न्हावी वस्तरा काढतो, पण लगेच गालाला लावत नाही. लाखेने रंगवलेली त्याची लाकडी मूठ तो आधी घरातल्या बाईच्या हातात देतो. ती उघड्या तळव्याने पुसून परत देते, मगच दाढी होते. पाहुण्यांना हसू येते. तेव्हा देवळातले म्हातारे गुरव म्हणतात, ‘हसू नकात. आयका.’

फार पूर्वी इथे लाकूड कातून लाखेने रंगवणारी येसू चितारीण होती. गावातली प्रत्येक मूठ तिच्याच कातायच्या चरकावर उतरत असे. तिची लेक शेवंती खोताच्या घरी वेठीला जायला नाही म्हणाली. खोताने भर दुपारी देवळासमोर लुमा न्हाव्याकडून तिचे डोके भादरवले. सारे पुरुष जमले होते. कोणी हूं की चूं केले नाही. त्यांत शेवंतीचा बापही होता.

येसू रडली नाही, असे सांगतात. जत्रा जवळ आली तसा लुमा वस्तऱ्याला नवी मूठ मागायला आला. ‘खोताची दाढी करूची आसा. चकचकीत कर.’

‘जन्मभर आठवतली अशी करतंय.’

शेवंती डोक्यावर पदर घेऊन चरकाची दोरी ओढत राहिली. येसूने लाख चढवलीच नाही. स्वतःच्या हातांना खोबरेल चोपडून तिने मुठीत बिब्ब्याचे काळे, जळजळीत तेल मुरवले आणि केवड्याच्या पातीने घासून झळाळी आणली. लुमा खूश झाला.

जत्रेच्या आदल्या दिवशी लुमाकडे दाढीला ओळ लागली. लुमाचा ओला तळवा मुठीवरून गालांवर फिरू लागला. येसूचा नवरा उठला. ‘दाढी करून येतंय गो.’

शेवंतीने आईकडे पाहिले.

‘जावा,’ येसू म्हणाली. ‘खोताच्या मागसूनच बसा.’

जत्रेच्या सकाळी लुमाचा तळवा आणि त्या दुपारी गप्प राहिलेल्यांचे गाल फोडांनी भरले होते म्हणे. पालखीला खांदा द्यायला एक धड चेहरा उरला नाही. घरात खोबरेल होते. नवऱ्याच्या गालाला येसूने बोट लावले नाही. सुजलेला खोत काठी उगारून तिच्या दारात आला.

ती म्हणाली, ‘तुमच्या कोयत्येची, देवाच्या घंटेची, ह्या काठयेची मूठ माझीच. आता खंयची धरतलास?’

खोताच्या हातून काठी गळून पडली.

आजही इथल्या वस्तऱ्याच्या लाल मुठीवर एक काळे वळे असते. आजही एखादीने मूठ परत द्यायला वेळ लावला, तर पाटावरचा पुरुष आपले काय चुकले ते आठवत बसतो. वाटीतले पाणी गार होते. तो हूं की चूं करत नाही.