डागाची मोजणी

त्या राज्यात ढोल्या सात होत्या आणि पाखरांच्या जोड्या चाळीस. झाडे पुष्कळ होती, दाणे होते, किडे तर पायलीचे पन्नास होते. कमी होत्या त्या ढोल्याच. ज्यांना ढोली मिळत नसे ती उघड्या फांदीवर अंडी घालत आणि वारा ती एकेक करून खाली पाडी.

एकदा सुतारपक्ष्याने अर्ज केला होता की आपली चोच रिकामीच आहे, उरलेल्या तेहतीस ढोल्या पोखरून देतो. त्यावर मोठी सभा भरली. ढोली सगळ्यांनाच मिळाली तर डाग मोजायचा कशासाठी, असे कोणीतरी विचारले आणि अर्ज बाजूला ठेवला गेला. सुतारपक्ष्याचे मन मोडू नये म्हणून मोजणीच्या वेळी खोडावर ठोके देण्याचे काम त्याला दिले गेले. तो ते अजून मनापासून करतो.

डाग म्हणजे छातीवरची काळी पिसे. पाखराच्या अंगात धग एकच असते. ती छातीत चढली की डाग काळा होतो आणि भांडण सुचते. पोटात उतरली की पोटाची पिसे गळतात आणि अंडी उबतात. दोन्हीकडे ती एकाच वेळी राहत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती.

मोजणीचे काम बगळ्याकडे होते. रोज सकाळी ढोलीचा धनी तोंडाशी येऊन छाती पुढे काढी आणि बगळा चोच लावून डाग मोजी. बगळ्याची चोच पाखरापेक्षा लांब, त्यामुळे माप किती भरले ते बगळाच जाणे. तीन दिवस डाग फिका निघाला तर ढोली रिकामी धरली जाई. आत डोकावण्याची पद्धत मात्र नव्हती. मोजणी बाहेरची असते, असे बगळा म्हणे.

टिकली नावाच्या पाखरीचा डाग नावासारखाच होता. दोन वर्षे तिची अंडी वाऱ्याने नेली होती. तिसऱ्या वर्षी तिच्या दुःखाचा राग झाला, राग छातीत चढला आणि तिने काजळी नावाच्या दांडग्या पाखरीला पाचव्या ढोलीतून बाहेर काढले. काजळीचे एक अंडे आत होते, ते तिने ढकलून दिले. नव्या धन्याने जुनी अंडी ढकलायची, अशी रीतच होती. काजळी समोरच्या फांदीवर जाऊन बसली आणि तिथून हलली नाही.

टिकलीने तीन अंडी घातली. ती त्यांच्यावर बसली, धग पोटात उतरली आणि डाग फिका पडू लागला. दुसऱ्या फिक्या सकाळी बगळा म्हणाला, उद्या शेवटची मोजणी. समोर काजळीने पंख झाडले. टिकलीला इतकी भीती वाटली की तिला दिवसभर दाणा गेला नाही.

तिचा नवरा भुऱ्या. त्याच्या छातीवर डाग कधी आलाच नव्हता. नातेवाईक त्याच्याशी बोलताना मुद्दाम त्याच्या छातीकडे बघत नसत, आणि ते त्याला कळे. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "अगं, बाहेर छाती लागते, आत पोट लागतं. मी आत बसतो."

"लोक काय म्हणतील?"

"आत कोण बघतंय?"

पहाट होताच टिकली काजळीवर तुटून पडली. मोजणीपर्यंत तिचा डाग कोळशासारखा झाला. बगळा खूश झाला, सुतारपक्ष्याने चार ठोके जास्त दिले. आत भुऱ्याच्या पोटाची पिसे गळाली आणि अंडी उबू लागली.

डाग काळा राहायचा तर रोज भांडण हवे. काजळी थकली आणि एक दिवस दुसऱ्या रानात निघून गेली, तेव्हा टिकली शेजाऱ्यांशी भांडली. शेजारी संपले तेव्हा वाळल्या पानांशी आणि मग बगळ्याच्या सावलीशी भांडली. पुढे पुढे कारणही लागेना. ढोलीच्या तोंडाशी काही हलले की ती झडप घाली. दोन वेळा तिने भुऱ्यालाच टोचले. तेव्हापासून तो बाहेर पडण्याआधी आतून आपले नाव सांगे. किडे घेऊन परत येतानाही सांगे.

अंडी फुटली तेव्हा त्याने आतून हाक मारली, "टिकले, तिन्ही आहेत. एकदा बघून जा."

ती म्हणाली, मोजणी होऊ दे, मग येते. मोजणी रोजच होती. तिचा डाग आता गळ्यापासून पायांपर्यंत पोचला होता, आणि असा डाग राज्यात कोणी पाहिला नव्हता. दुरून पाखरे आपल्या पिल्लांना तो डाग दाखवायला घेऊन येत. पाचव्या ढोलीसारखी ढोली नाही, असे सगळे म्हणत. आणि ते खोटेही नव्हते. वाऱ्याची झुळूकसुद्धा आत शिरायला धजत नसे.

एका सकाळी भुऱ्या किडे आणायला गेला होता. खाली बगळा येऊन उभा राहिला, सुतारपक्ष्याने ठोके सुरू केले आणि टिकलीने छाती पुढे काढली. इतक्यात तिच्या मागे, ढोलीच्या तोंडाशी, काहीतरी हलले.

ती गर्रकन वळली. एक पिल्लू पहिल्यांदाच उजेडात आले होते. त्याच्या छातीवर मातकट लव होती, भुऱ्यासारखी. त्याला अजून कोणी नाव दिले नव्हते, त्यामुळे ते सांगणार तरी काय.

"डाग दाखव," टिकली म्हणाली.

पिल्लाला वाटले, खाऊ आला. त्याने मान उंच केली आणि चोच जेवढी उघडता येईल तेवढी उघडली. बगळा मोजायला एक पाऊल पुढे आला.