फुलांची टोपली आणि आजच्या गाठी

"धोंडाजी! आज श्रावणी सोमवार, आणि राणीसाहेबांच्या महादेवापुढे एक फूल नाही?"

राजा कर्णदेव इतका गरजला, की वेशीवरची कबुतरं उडाली. चांदरगडाच्या चारही वेशींचा मुख्य राखणदार म्हातारा धोंडाजी हात जोडून उभा राहिला.

झालं होतं असं. इतकी वर्षं गडावरच्या घरोघरी फुलपुडी यायची ती एकट्या राणबा माळ्याच्या बागेतून. बाग लांब, चढण अवघड. वरच्या आळीला पोचेपर्यंत जाई मान टाकायची. म्हणून राजानं ठरवलं, की या श्रावणापासून राणबाऐवजी चारही दिशांच्या गावांतून फुलं यावीत आणि ज्या आळीला जी वेस जवळ, तिथूनच आत जावीत. बेत सोन्यासारखा! धोंडाजीनं आदल्या दिवशी नव्या फुलवाल्यांना बोलावून त्यांचे चेहरेही नीट पाठ केले. पण गावात फुलं पोचवायची पाळी असते. आज याची, तर उद्या त्याच्या भावजयीची! सोमवारी उजाडता उजाडता वेशीवर सगळे नवेच चेहरे. राखणदारांनी भाले आडवे धरले. फुलं बाहेर सुकली आणि देव आत वाट पाहत राहिले.

"महाराज, अनोळखी माणूस आत घ्यायचा नाही, हा आपलाच हुकूम," धोंडाजी पुटपुटला.

"तो हुकूम कायम आहे! आणि पाळ्या बदलतील, हेही कायम. पुढच्या सोमवारी अनोळखी पाऊल गडात पडता कामा नये, आणि एकही देव फुलावाचून राहता कामा नये. नाहीतर किल्ल्या ठेव आणि गड उतर!"

म्हातारा घरी आला तो पाटावर बसेना. सून येसू शिवामुठीचे तांदूळ निवडत होती.

"मामंजी, जेवून घ्या."

"कसलं जेवण, पोरी! बापजाद्यांची राखण चालली माझी. शंभर गावकऱ्यांचे चेहरे कसे पाठ करू?"

"पण चेहरे कशाला हवेत?" येसू हसली. "देवाला फुलं हवीत, फुलवाला नको. माणूस उंबऱ्याबाहेर राहील, टोपली वेशीच्या दारातल्या छोट्या दिंडीतून आत येईल. आतून आळीच्या लेकीसुना ती घरोघर नेतील."

"आणि टोपलीत कुणी साप घालून पाठवला तर?"

"म्हणून टोपलीला आपली खूण. उद्याचा दोरा आज संध्याकाळी रिकाम्या टोपलीला आपणच बांधून द्यायचा. गावातून कुणीही येवो, टोपली आपलीच येणार. दोरा रोज नवा."

धोंडाजीनं भाकरीचा पहिला तुकडा मोडला.

"पण एक ऐका," येसू म्हणाली. "राणबाकाकांना पुन्हा बोलवा. नवी वाट रुळेपर्यंत त्यांची फुलंही येऊ देत. आणि पहिली पारख सोमवारी नको बाई! व्रताच्या दिवशी का कुणी नवी चूल पेटवून बघतं? बुधवारी बघू."

मंगळवारी तिनं हळदीचे पिवळेधमक दोरे बांधून टोपल्या गावोगाव धाडल्या. बुधवारी पहाटे श्रावणसर आली आणि सगळी हळद वाहून गेली! पांढरे दोरे पाहून राखणदारांनी टोपल्या परतवून लावल्या. त्या दिवशी देवांना फुलं मिळाली ती राणबाकाकांचीच.

"बुडालो!" धोंडाजी म्हणाला.

"बुडालो कसले? बरं झालं, आज बुधवार होता," येसू म्हणाली. "रंग धुऊन जातो, मामंजी, गाठ धुऊन जात नाही. अनंताच्या दोऱ्याला आपण काय रंग बघतो का? गाठी मोजतो!"

गुरुवारपासून दोऱ्याला गाठी आल्या. किती, ते रोज येसू ठरवायची आणि चारही वेशींना गुपचूप कळवायची. रविवारी तर राणीसाहेबांच्या देवघरात जाई पोचली ती दव अंगावर घेऊन.

सोमवार उजाडला. चारही वेशींवर टोपल्या भराभर आत जात होत्या. आणि पूर्वेच्या वेशीवर डोक्यावर टोपली घेऊन कोण उभं? खुद्द राजा कर्णदेव!

राखणदारांनी लवून मुजरे केले. धोंडाजीनं घाईघाईनं दिंडी सताड उघडली. दोरे तपासायला आलेल्या येसूनं मात्र पुढे होऊन टोपलीचा दोरा चाचपला.

"महाराज, तीन गाठी आहेत."

"मग?"

"तीन गाठी कालच्या. आज पाच."

राजानं डोळे वटारले. "मला ओळखलं नाहीस?"

"आपल्याला कोण ओळखत नाही! आपण या, महाराज. गड आपला, वेस आपली, आम्ही आपले. टोपली मात्र बाहेर!"

धोंडाजीनं डोळेच मिटून घेतले.

"राजाची टोपली अडवतेस?"

"आपला हुकूमच पाळतेय. आज ओळखीच्या चेहऱ्याची टोपली तपासल्याशिवाय सोडली, तर उद्या ओळखीचा चेहरा शोधून त्याच्याच डोक्यावर कुणी साप पाठवील!"

राजानं टोपली खाली ठेवून झाकण काढलं. आत फुलाचा पत्ता नाही, नुसती धोत्र्याची काटेरी बोंडं!

"देवघरातल्या कालच्या टोपलीचा दोरा चोरून आणला होता मी!" राजा म्हणाला आणि असा खदखदून हसला, की कबुतरं पुन्हा उडाली. "धोंडाजी, किल्ल्या तुझ्याच कमरेला! आणि पोरी, राणीसाहेबांची पैठणी तुला. शिवाय आजपासून गडात येणारी पहिली फुलपुडी तुझ्या देवघरात जाईल, दुसरी आमच्या!"

येसूनं पदर सावरून नमस्कार केला. मग राजाची टोपली उपडी करून झटकली, कमरेला खोचलेला नवा दोरा काढून तिला बांधला आणि अदबीनं पुढे धरली.

"हे काय?"

"उद्याच्या गाठी, महाराज. पहाटे लवकर या. आणि येताना तेवढी फुलं आणा!"