सैंधवांची लेक

एका राज्यात, डोंगराच्या कुशीत, सिंधुपूर नावाचे नगर होते. डोंगर मिठाचा होता, गुलाबी आणि कातळासारखा टणक. त्या मिठाला सैंधव म्हणत, आणि नगरीतल्या माणसांनाही सैंधवच म्हणत. माणसेही तशीच होती. वरून टणक, पण कुणी समोर रडले की लगेच विरघळत.

तिथल्या राजा रत्नशेखराची एकुलती एक लेक सुवर्चला दूरच्या राज्यात सासरी गेली. वर्ष सरते न सरते तोच एक मैना तिच्या सज्ज्यात उतरली.

"राणी, तुझे माहेर गेले. मांत्रिक धूम्रकेश तुझ्या बापाच्या दरबारात आला, कशानेसे चिडला आणि शाप देऊन गेला. सगळे सैंधव मिठाचे पुतळे झाले. राजासुद्धा."

"जीव आहे त्यांच्यात?"

"आहे. पण रानातली हरणे चाटायला येऊ लागली आहेत."

सुवर्चला उठून उभी राहिली. "मी येईपर्यंत हरणे हाकलशील?"

"मला कोण भितो? पण ओरडेन."

सुवर्चला तडक धूम्रकेशाच्या दारी गेली. तो दाढी विंचरत बसला होता. म्हणाला, "तीन कामे कर, शाप मागे घेतो. चुकलीस तर तूही मीठ होशील."

पहिले काम, चढाला वाहणाऱ्या नदीचे पाणी आणायचे. नदीमागे डोंगर चढता चढता तिच्या पायातली जोडवी झिजली, पण तिने घागर आणली. दुसरे काम, आंधळ्या नागाच्या फण्यावरचा दिवा न विझवता आणायचा. नाग बिचारा भला, मागताच त्याने दिवा दिला. पण ज्योत जपत चालायचे म्हणजे मुंगीच्या पावलाने चालणे आले. ती परतली तेव्हा तिचे केस पिकले होते.

"आता तिसरे," मांत्रिक म्हणाला. "सासरी निघालेल्या सैंधव लेकीच्या पदराला बाप मिठाचा खडा बांधतो. तो माझ्या हातावर ठेव."

एवढेच? सुवर्चलेने गाठ सोडली, हात पुढे केला, आणि तो तसाच थांबला. सारे माहेर त्या एका खड्यावर येऊन टेकले होते. तिला रडू फुटले. तिने खडा पाटावर ठेवला आणि पाट त्याच्यापुढे सरकवला.

"हातावर नाही देणार, स्वामी."

धूम्रकेश ताडकन उठला. "तुझ्या बापानेही हेच केले! मी हात पसरला, आणि त्याने भिकाऱ्यापुढे टाकावे तसे मीठ खाली ठेवले!"

"भिकारी म्हणून नव्हे. मीठ हातावर दिले की दोघांत भांडण होते, असे आम्ही मानतो. ज्याच्याशी कधी वाकडे येऊ नये, त्याच्यापुढे ते असे ठेवतात. मला तुमचा राग येतो, फार येतो. पण माझी माणसे तुमच्या शब्दात अडकली आहेत. तुमच्याशी भांडण मला परवडायचे नाही."

मांत्रिक मटकन खाली बसला. "हे मला कुणी सांगितले नाही."

"तुम्ही विचारलेत कुठे?"

त्याने पाट जवळ ओढला. मग त्याने आपल्या हाताने खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि शाप गिळला. दोघे मिळून सिंधुपुराला निघाले.

नगरात हरणे दचकून पळत होती. लोहाराची भट्टी पेटली होती, बाया घागरी उचलत होत्या. मैनेचा घसा पार बसला होता. सैंधवांना वाटत होते, आपली जरा डुलकी लागली होती.

राजा रत्नशेखर धूम्रकेशाला पाहून हसतमुखाने म्हणाला, "स्वामी, उभे का? बसा ना." मग त्याची नजर शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे गेली. पाहुणी दमलेली दिसत होती. त्याने स्वतः पाट मांडला आणि आदराने विचारले, "या, बाई. माहेर कुठले आपले?"

"हेच, बाबा."

राजाने आवाज ओळखला. भरल्या दरबारात त्याने लेकीला पोटाशी धरले.

तिला तिचे माहेर मिळाले, तसे ऐकणाऱ्या साऱ्यांना मिळो.