तिच्या रांगेत

“पण चूक मृदुलाची नाही, तर मग कोणाची?” विश्रामने विचारलं.

आबा शेवडे ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

आबांची उभी हयात यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेली होती. आता ते डोंगराच्या पायथ्याशी एका गावात राहत आणि शिकायला येईल त्याला घरीच ठेवून घेत. विश्राम त्यांचा सगळ्यात जुना शिष्य. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. मृदुला घोलप त्याच्या बरीच मागून आली होती. तालुक्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं दाखवणारा बोर्ड करायचं काम आलं, तेव्हा आबांनी पडद्याचा भाग, म्हणजे बोर्डावर नावं उमटवायचं काम, तिला दिलं. कुठल्या खोलीत आता कोणता पेशंट, हे तपासणीच्या खोल्यांतले निरोप गोळा करून तिच्याकडे पोचवायचं काम विश्रामला.

तेव्हापासून तिच्या बोटांची टकटक ऐकली तरी त्याचं पित्त खवळे.

आणि काल एका आजीचं नाव भलत्याच खोलीपुढे लागलं. नर्सने पुन्हा नाव विचारलं म्हणून निभावलं, नाहीतर चांगल्या डोळ्यात नको ते औषध पडलं असतं. दवाखान्याचा फोन आला तेव्हा विश्रामला आधी आजी आठवली नाही. मृदुला सापडली एकदाची तावडीत, एवढंच त्याच्या मनात आलं.

“दाखव,” आबा म्हणाले.

विश्रामने लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम एकेका ओळीवर थांबवत तो पुढे नेऊ लागला. नाव आलं. खोली आली. दोन्ही बरोबर.

पुन्हा केलं. पुन्हा बरोबर.

“मी बघायला लागलो की चूक होतच नाही, आबा. धावता सोडला की होते.”

“बघतोस म्हणजे काय करतोस?”

“थांबवतो. एकेका ओळीवर.”

“म्हणजे तू थांबलास की चूक होत नाही.”

आबांनी हातातली शेंग खाली ठेवली.

प्रोग्रॅममध्ये अनेक कामं एकाच वेळी धावत असतात. पडद्याला मात्र एकानेच हात लावायचा, बाकीच्यांनी आपापला निरोप त्याच्या रांगेत टाकायचा. आबांकडचा हा पहिला धडा. विश्रामनेच तो मृदुलाला शिकवला होता.

“तुझा निरोप तिच्या रांगेत जातो?” आबांनी विचारलं.

विश्राम उगाच लॅपटॉपच्या कळा दाबत राहिला.

“विचारतोय मी.”

“नाही. खोलीचा नंबर मी थेट पडद्यावर लिहितो.”

“का?”

“लवकर दिसतो…” तो अडखळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “तिच्या रांगेत उभं राहायचं नव्हतं मला.”

ती आधीच्या पेशंटचं नाव लिहीत असताना त्याचा हात मध्येच पुढच्याचा नंबर लिहून जात होता. कधी तिचा हात आधी, कधी त्याचा; एकेक ओळ थांबवत नेली की मात्र दोघांचे हात एकमेकांत येत नसत. काल दोघांच्या मध्ये ती आजी सापडली.

आबांनी सोललेले दाणे त्याच्यापुढे सरकवले. त्याने घेतले नाहीत. तिथेच बसून त्याने ती ओळ काढली आणि निरोप मृदुलाच्या रांगेत टाकला. बोर्ड सुरळीत चालू लागला.

तरी तो उठेना.

“अजून काय?”

“पडदा मला का नाही दिलात? मी आधीपासून आहे तुमच्याकडे.”

आबांनी आत हाक मारली. मृदुला दारात आली.

“पुढच्या दवाखान्याचा पडदा विश्राम करेल. निरोप तू आणायचे.”

“बरं आबा,” ती म्हणाली, आणि जाता जाता तिने मूठभर दाणे उचलले.

ती रागावली नाही, हेच विश्रामला जास्त लागलं.

नवा बोर्ड सुरू झाला. विश्रामने पडदा सुंदर केला. पण आता साऱ्या खोल्यांचे निरोप त्याच्या रांगेत येऊन पडत. पडदा क्षणभर अडकला की फोन त्यालाच. जेवतानाही त्याचं लक्ष फोनकडे. आणि मृदुला निरोप टाकून मोकळी व्हायची. ओढ्यावर जायची. गुणगुणायची.

एका सकाळी तो पुन्हा ओसरीवर आला. डोळे तांबारलेले.

“आबा, एक विचारू?”

“विचार.”

“नेहमी तिलाच सोपं काम कसं मिळतं?”

आबांनी एक शेंग फोडली.

“मागच्या वेळी ते तुझं होतं.”